डफ, तुणतुणे आणि बॅगपाइप : लाल बावटा कलापथकाची ओळख

(मोहाली येथे मराठी भाषिक साथींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोहाली हे जुने गाव नव्हे. चंदीगडच्या शेजारी आखून वसविलेले आणि साहिबजादा अजितसिंह यांचे नाव धारण करणारे हे औद्योगिक नगर आहे. येथे १९७४ पासून 'स्वराज' ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पंजाब सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याची मालकी २००७ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाकडे गेली. मुंबई आणि पंजाब यांच्यातील अंतर भांडवलाने असे केव्हाच ओलांडले आहे. श्रमिकांनी तर ते त्याहूनही आधी ओलांडले. पंजाबच्या खेड्यातला, उत्तर प्रदेश-बिहारमधला आणि महाराष्ट्रातून आलेला कामगार अशा नगरात एकाच पाळीत राबतो.

पाळी सर्वांना एकच असते, परंतु गाणे एक नसते. काम सुटल्यावर जो तो आपल्या भाषेतले गाणे आपल्या मोबाइलवर, आपल्या कानापुरते ऐकतो. गाणे कमी झालेले नाही, उलट पूर्वी कधी नव्हते इतके उपलब्ध आहे. लोप पावले आहे ते कामगारांनी स्वतः रचलेले, एकत्र म्हटलेले आणि आपल्याच जीवनाविषयीचे गाणे. असे गाणे कसे जन्मते, ते कशाने टिकते आणि कशाने नष्ट होते, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लाल बावटा कलापथकाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

ज्येष्ठ साथींना हा विषय नवा नाही. परंतु गिरण्यांचे भोंगे थांबल्यानंतर ज्यांचा जन्म झाला, त्या तरुणांनी अण्णाभाऊंचे पुतळे पाहिले आहेत, त्यांचे कलापथक पाहिलेले नाही. त्यांतील अनेकांच्या कानांना विजेच्या गिटारीचा आवाज डफाच्या आवाजापेक्षा अधिक परिचयाचा आहे. म्हणून प्रथम गिटारीचेच एक उदाहरण घेणे सोयीचे होईल.

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून क्विन्सी नावाचे शहर आहे. जहाजबांधणीसाठी ते प्रसिद्ध होते. तेथील मोठी गोदी १९८६ मध्ये बंद पडली. याच क्विन्सीत १९९६ मध्ये 'ड्रॉपकिक मर्फीज' नावाचा एक बँड स्थापन झाला. हे नाव कोण्या देवतेचे वा वीराचे नाही. जॉन 'ड्रॉपकिक' मर्फी नावाचा एक कुस्तीगीर त्या परिसरात दारू सोडविण्याचे केंद्र चालवीत असे. तेथील कष्टकरी कुटुंबांना त्या केंद्राचे नाव चांगलेच ठाऊक होते. मुलांनी तेच आपल्या बँडला दिले. आपल्या वस्तीची दुखरी बाजू लपविण्याऐवजी तिचेच नाव मिरविणे, ही या संगीताची पहिली ओळख होय.

या बँडचा मूळ ढंग 'पंक' या नावाने ओळखला जातो. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे हा प्रकार उदयास आला. मोठ्या कंपन्यांनी संगीताला झगमगाटाचे आणि अवघड कसरतींचे रूप दिले होते. त्याला वैतागलेल्या तरुणांनी दोन-चार स्वरमेळांवर, वेगाने आणि कर्कश आवाजात गाणी म्हणावयास प्रारंभ केला. इंग्लंडात त्या काळी बेकारी वाढत होती. ज्याच्यापाशी संगीताचे शिक्षण नाही आणि महागडी वाद्येही नाहीत, तोही रंगमंचावर उभा राहू शकतो, हा पंकचा दावा होता.

क्विन्सीच्या मुलांनी या गोंगाटात आणखी एक वस्तू आणून मिसळली. ती म्हणजे आयर्लंडचे लोकसंगीत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. ब्रिटिश राज्यकर्ते आणि जमीनदार यांच्या धोरणामुळे त्या रोगाचा महादुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. त्यांतील पुष्कळ जण बोस्टनला उतरले आणि गोदीत, बांधकामावर, घरकामाला लागले. त्यांच्या सामानात फारसे काही नव्हते, पण गाणी होती : देशत्यागाची, बंडाची, मद्याची आणि मृतांची. या गाण्यांची वाद्ये म्हणजे पत्र्याची बासरी, अकॉर्डियन, बँजो. लंडनमधील आयरिश स्थलांतरितांच्या वस्तीशी नाते असलेल्या 'द पोग्ज' या बँडने १९८२ पासून हा मेळ घालून दाखविला होता. क्विन्सीच्या बँडने तो बोस्टनच्या कामगार मोहल्ल्यात आणला आणि त्याला बॅगपाइपची जोड दिली.

या बँडने कामगार संघटनांची बाजू उघडपणे घेतली आहे. त्याचा गायक केन केसी याचे आजोबा गोदी कामगारांचे संघटक होते आणि त्यांच्यावर बँडचे गाणे आहे. २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या गव्हर्नराने सरकारी कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क छाटणारे विधेयक आणले. तेव्हा या बँडने लढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी गाणे प्रसिद्ध केले आणि त्यांच्या मदतनिधीस हातभार लावला. २०२२ मध्ये त्यांनी वुडी गथ्री यांच्या अप्रकाशित शब्दांना चाली लावून विजेच्या वाद्यांविना एक संपूर्ण संग्रह काढला. गथ्री हे अमेरिकेतील श्रमिकांचे थोर लोकगायक. १९३९-४० मध्ये 'पीपल्स वर्ल्ड' या कम्युनिस्ट वृत्तपत्रात ते सदर लिहीत असत.

या मंडळींना क्रांतिकारक ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्या गाण्यांत दारूचे गुत्ते आहेत आणि बेसबॉलच्या स्थानिक संघाचा जयजयकारही आहे. गथ्री यांच्याच शब्दांवर बेतलेले त्यांचे एक गाणे २००६ मध्ये हॉलिवूडच्या गुंडपटात वाजले आणि क्रीडांगणांवरील करमणुकीचा भाग बनले. बाजार कामगाराचे गाणेही विकतो. ते गाताना कामगार कोणाच्या बाजूने उभा आहे, एवढेच तो विसरावयास लावतो. तथापि एक बोध या उदाहरणातून निर्विवादपणे निघतो. गावातून हुसकावला गेलेला शेतकरी शहरात कामगार होतो, तेव्हा आजीची गाणी त्याच्याबरोबर येतात. ती गाणी आणि कारखान्याचा नवा गोंगाट यांचा मेळ जेथे बसतो, तेथे कामगारवर्गाची स्वतःची कला जन्माला येते.

क्विन्सीच्या अर्धशतक आधी हा मेळ मुंबईच्या गिरणगावात बसला होता.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसे गिरण्यांत आली, ती बहुधा हौसेने आली नव्हती. सावकारी, तुकड्यांची शेती आणि दुष्काळ यांनी त्यांना बाहेर ढकलले होते. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत अनेक जण राहत आणि पाळीपाळीने झोपत. त्यांच्याबरोबर भजन आले, कोकणचा नमन-खेळा आला, घाटावरचा तमाशा आणि पोवाडा आला. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि कामगार तिला लाल बावट्याची युनियन म्हणू लागले. संघटना होती, लोककलाही होती. दोहोंना जोडणारी माणसे हवी होती.

ती माणसे १९४४ मध्ये एकत्र आली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. आदल्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे इप्टाची, स्थापना झाली होती. कलापथक त्याच सांस्कृतिक आघाडीचे मराठी बळ ठरले. पुढे १९४९ मध्ये अलाहाबाद येथे अण्णाभाऊ इप्टाचे अखिल भारतीय अध्यक्ष झाले.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. ब्रिटिश कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्या जमातींपैकी ही एक. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा असल्याचे सांगितले जाते. घरची माणसे पायी चालत मुंबईला आली, तेव्हा ते लहान होते. गिरणीत नोकरी, माटुंग्याच्या लेबर कॅम्पातले वास्तव्य आणि पक्षाचे काम, हीच त्यांची पाठशाळा झाली. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ मधला, गाव बार्शी. त्यांनीही गिरणीत काम केले होते. आईच्या ओव्यांवर त्यांचा कान घडला आणि त्यांच्या पहाडी आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरज पडत नसे. एक मातंग, एक मुसलमान, असे हे शाहीर एकाच डफाभोवती उभे राहिले आणि त्यांच्यामागे झील धरणारे बहुतेक कष्टकरीच होते. जातीपातीच्या एकजुटीवर दिलेल्या शंभर भाषणांइतके ते दृश्य बोलके होते.

कलापथकाने लोककलेचे नेमके काय केले, हे बारकाईने पाहिले पाहिजे. पारंपरिक तमाशाचा प्रारंभ गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने होतो. त्यामागून कृष्ण आणि गवळणींचा प्रवेश, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गण ठेवला, परंतु त्यातील वंदन मातृभूमीला आणि तिच्यासाठी लढणाऱ्यांना केले. गवळणींची छेडछाड त्यांनी वगळली. सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी मात्र जशीच्या तशी राखली आणि तिची धार सावकार, काळाबाजारवाले व भोंदू पुढारी यांच्याकडे वळविली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' या वगांची नावेच त्यांचा रोख सांगतात. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, प्रेक्षकाला हसविण्याची रीतही तीच. प्रेक्षक मात्र आता राजाराणीची गोष्ट पाहत नव्हता, आपलीच फसवणूक कशी होते हे पाहत होता आणि त्यावर हसताहसता विचार करीत होता.

पोवाड्याचेही तसेच झाले. शिवकालापासून पोवाडा वीराची कीर्ती गातो. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढवय्यांवर पोवाडा रचला आणि दूरच्या त्या शहराचे रक्षण करणारा लाल सैनिक गिरणी कामगाराला आपल्या शेजारचा वाटू लागला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' आली. १९४६ मध्ये अमळनेरच्या कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा त्या हुतात्म्यांचा पोवाडा आला. तेलंगणातील शेतकऱ्यांच्या संग्रामावरही त्यांनी रचना केली. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या कामगाराला जगाची वार्ता डफावर कळत होती, आणि वार्तेबरोबर ती कोणाच्या बाजूने पाहावयाची हेही कळत होते.

या पोवाड्यांपैकी एकाचे पंजाबात स्मरण करणे अगत्याचे आहे. 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हे त्याचे नाव. १९४७ च्या फाळणीत या भूमीवर रक्ताचे पाट वाहिले, तेव्हा येथून शेकडो कोस दूर मुंबईच्या मजूरवस्तीत राहणाऱ्या एका मातंग शाहिराला त्यावर पोवाडा रचावासा वाटला. पंजाबच्या दुःखाशी त्याचे नाते रक्ताचे वा भाषेचे नव्हते. ते वर्गाचे आणि माणुसकीचे होते.

असे गाणे राज्यकर्त्यांना मानवणे शक्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. तमाशाला परवानगी मिळेना, तेव्हा त्याच ऐवजाने लोकनाट्याचे रूप घेतले. आज लोकनाट्य हा शब्द मराठीत प्रतिष्ठित आहे. त्याच्या प्रतिष्ठेमागे पोलिसांना चुकवीत फिरणाऱ्या शाहिरांची पायपीट आहे, हे विसरता कामा नये.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरीने कळस गाठला. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड अमर शेखांच्या आवाजाने घराघरांत पोहोचली. छक्कड हा लावणीच्या कुळातला शृंगाराचा प्रकार. गावी राहिलेल्या प्रियेची आठवण काढणारा, मुंबईत पोटासाठी आलेला गडी हा तिचा नायक आहे. ती विरहाची कथा ऐकताऐकता श्रोता अशा ठिकाणी येतो, जेथे ताटातूट एका जोडप्याची राहत नाही, भाषिक प्रदेशाच्या तुकड्यांची होते. कामगाराच्या सर्वांत खाजगी वेदनेतून राजकीय मागणी उमलते. प्रचाराचे गाणे आणि प्रेमाचे गाणे असे दोन खण करणाऱ्यांनी या एका रचनेचा अभ्यास करावा.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तोवर कलापथकाची जुनी एकसंध फळी राहिली नव्हती. अमर शेख स्वतःचे कलापथक घेऊन फिरत होते आणि अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे अधिक वळले होते. 'फकिरा' या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत देशाचा प्रवास केला. तरीही अखेरची वर्षे हलाखीतच गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांचे निधन झाले, वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्यात महाराष्ट्राच्या श्रमिकांचे दोन आवाज बंद झाले.

पुढचा इतिहास अधिक बोचरा आहे. २००२ मध्ये अण्णाभाऊंच्या नावे टपाल तिकीट निघाले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला आणि त्याचे अनावरण महाराष्ट्राच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केले. जयंतीच्या फलकांवर आज सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांचे चेहरे असतात. सन्मान झाला याचे दुःख नाही. परंतु त्या फलकांवर डफ दिसतो आणि डफामागचा बावटा दिसत नाही. क्विन्सीच्या बँडचे गाणे बाजाराने क्रीडांगणावर नेले, तसे अण्णाभाऊंना सत्तेने चौथऱ्यावर नेले. दोहोंचा हेतू एकच : गाणे राहावे, बाजू विसरली जावी.

मात्र सारा दोष बाजाराला आणि सत्तेला देऊन मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. चळवळीलाही एक वाईट सवय जडली आहे. सभेला गर्दी जमेपर्यंत शाहिराने गावे आणि वक्ता व्यासपीठावर येताच त्याने डफ खाली ठेवावा, असा शिरस्ता पडला. गाणे म्हणजे माणसे गोळा करण्याचे साधन आणि विचार म्हणजे भाषण, ही विभागणी लाल बावटा कलापथकाला मान्य नव्हती. तेथे वग हाच विचार होता. शाहिराला सभेच्या आधीची वेळ देणाऱ्या संघटनेने त्याच्या चुलीची चिंताही क्वचितच केली. कलावंताला मानधन द्यावयाचे म्हणजे त्याची निष्ठा बाटविणे, असा गैरसमज त्यामागे होता. पूर्णवेळ कार्यकर्त्याला जे लागू, ते पूर्णवेळ शाहिराला का लागू नसावे?

ज्या भूमीवर ही सभा भरली आहे, तिनेही हाच प्रश्न विचारला आहे. बरनाळ्याजवळील रायसर गावी १९३९ मध्ये एका दलित कुटुंबात संतराम उदासी यांचा जन्म झाला. ते शिक्षक होते, कवी होते आणि आपली गाणी स्वतः पंजाबी लोकगीतांच्या ढंगात गात. शेतमजुरांच्या अंगणात सूर्य तळपत राहो, अशी हाक देणारे त्यांचे गाणे पंजाबच्या गावोगावी पोहोचले. १९७१ मध्ये त्यांना अटक होऊन छळ सोसावा लागला. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी नांदेडच्या हुजूर साहिबहून परतताना रेल्वेप्रवासात त्यांचा अंत झाला. पंजाबच्या श्रमिकांचा शाहीर महाराष्ट्रातून घरी निघाला असता गेला, ही गोष्ट फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक आहे.

उदासींची गाणी ज्यांनी पुढे नेली, त्यांत मानसा जिल्ह्यातील बुर्ज झब्बरचे शेतमजूर बंतसिंह यांचे नाव अग्रभागी येते. मुलीवर झालेल्या अत्याचाराविरुद्ध त्यांनी गावातील बलदंडांच्या धमक्या न जुमानता न्यायालयात दाद मागितली आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. दोन्ही हात आणि एक पाय गमावावा लागला. येथून जवळच, चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात ते खाटेवर होते आणि त्या खाटेवरून ते उदासींची गाणी गात होते. पुढे 'वर्ड साउंड पॉवर' या नावाने काम करणाऱ्या संगीतकारांनी बुर्ज झब्बरला जाऊन त्यांचा आवाज आधुनिक इलेक्ट्रॉनिक तालाशी जोडला. बोस्टनमध्ये बॅगपाइप आणि गिटार यांचे जे झाले, तेच येथे उदासींच्या चालीचे झाले. हात नसलेल्या माणसाला डफ धरता येत नाही, पण गाणे सोडावे लागत नाही.

तेव्हा वाद्य कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. डफ पवित्र नाही आणि गिटार परकी नाही. जुनी चाल जशीच्या तशी जपणे हे संग्रहालयाचे काम आहे, आणि चाल फेकून देऊन नुसता नवा गोंगाट करणे हे बाजाराचे. कामगारांच्या कलापथकाने आजीची चाल घ्यावी, आजच्या कारखान्याचा आवाज घ्यावा आणि आजचे दुःख सांगावे. कंत्राटी कामगाराची बुडालेली मजुरी, बारा तासांची पाळी, घरमालकाचा तगादा, गावी राहिलेली मैना : विषयांना तोटा नाही.

मोहालीसारख्या नगरात हे काम अवघड आहे, कारण येथे श्रोत्यांची भाषा एक नाही. पण गिरणगावातही भाषा एक नव्हती. तेथे मालवणी होती, घाटावरची मराठी होती, उर्दू आणि तेलुगूही होती. मराठी साथींनी अण्णाभाऊंचा पोवाडा पंजाबी साथींना समजावून सांगावा, त्यांच्याकडून उदासींचे गाणे शिकावे आणि बिहारी मजुराला त्याच्या बिरहाची चाल विचारावी. घुमानमध्ये नामदेवांची वाणी आजही गुरुमुखीत म्हटली जाते. एका मराठी शिंप्याच्या शब्दाला पंजाबने सात शतके सांभाळले आहे. भाषेची अडचण सांगणाऱ्याला याहून चोख उत्तर नाही.

पुढच्या सभेत प्रथम गाणे व्हावे आणि ते पुरे होईपर्यंत वक्त्याने खाली बसून ऐकावे. गाणाऱ्याच्या प्रवासखर्चाची आणि जेवणाची नोंद सभेच्या हिशेबात वक्त्याच्या बरोबरीने व्हावी. आरंभ एवढ्याने होऊ शकेल. लाल बावटा कलापथकाचे स्मारक बांधावयाचे असेल, तर ते दगडाचे बांधून भागणार नाही. ते पाच माणसांचे, एका डफाचे आणि दर आठवड्याला एका नव्या गाण्याचे असावे लागेल.

लाल सलाम.